वैऱ्यावर प्रीती करायची, तर मग भावाच्या हातातल्या बंदुकीचे काय?

सदरची_ताई (प्रश्न)

नागपुरातील सदर भागातल्या आमच्या मंडळीत मी गेली सात वर्षे रविवारशाळा घेते. मागच्या महिन्यात मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर धडा होता. "तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा," हे वचन मुलांनी पाठ म्हणून दाखवले आणि वह्या मिटायच्या आत बारा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "टीचर, मग तुमच्या भावाचे काय?" माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी अग्निवीर म्हणून भरती झाला, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्याच्या निवडीची संत्रा बर्फी मीच वाटली होती.

"तो देशाचे रक्षण करतो," असे सांगून मी वेळ मारून नेली. त्यावर तो मुलगा शांतपणे म्हणाला, "पण येशूने असे कुठे म्हटले आहे?" मुलगा आगाऊ नाही. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

घरी विचारले तर बाबा रोमकरांस पत्राचा, सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा असे सांगणारा, तेरावा अध्याय उघडून देतात आणि आई गप्प राहते. मंडळीतही एकमत नाही. मे २०२५ मध्ये सीमेवर लढाई पेटली होती, तेव्हा आमच्या पाळकांनी प्रार्थनेत आपल्या जवानांबरोबर "पलीकडच्या आयांसाठीही" असे दोन शब्द घातले, आणि उपासनेनंतर आवारात चहाचे कप हातात घेऊन दोन ज्येष्ठ सभासद त्यांच्याशी असे भांडले की शेवटी पाळकीणबाईंना मध्ये पडावे लागले. मला कोणाची समजूत घालणारे शब्द नको आहेत. ख्रिस्ती मंडळीने या प्रश्नाशी आजवर कसा झगडा केला आहे आणि त्यातले बारा वर्षांच्या मुलाला प्रामाणिकपणे काय सांगता येईल, एवढे कळले तर बरे होईल.

धरमपेठचा_वकील

ताई, तुमच्या बाबांचे मला पटते. आपल्या मराठी शास्त्रात शब्द "वैरी" असा आहे, याकडे लक्ष द्या. वैर बांधावरून होते, भाऊबंदकीत होते, पिढ्यान्‌पिढ्या चालते. सीमेपलीकडच्या शिपायाशी तुमच्या भावाचे वैर नाही, त्याला तो ओळखतही नाही. तो राष्ट्राचा शत्रू आहे, आणि प्रभूने जे सांगितले ते माणसामाणसांतल्या वैराविषयी आहे.

माझ्या गालावर कोणी मारली तर दुसरा गाल पुढे करण्याचा अधिकार मला आहे. परंतु माझ्या शेजारणीला कोणी मारत असेल, तर तिचा दुसरा गाल पुढे करण्याचा अधिकार मला कोणी दिला? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि "आम्ही काय करावे?" असे त्यांनी विचारले, तेव्हा त्याने नोकरी सोडायला सांगितले नाही, जुलमाने कोणाचे काही घेऊ नका आणि आपल्या पगारात तृप्त असा, एवढेच सांगितले. कर्नेल्य या रोमी सैन्यातल्या शताधिपतीचा बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतर त्याने तलवार खाली ठेवली असे प्रेषितांच्या कृत्यांत कुठेही लिहिलेले नाही.

जुनी_वही

मी बरीच वर्षे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मंडळीचा इतिहास शिकवला, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे, क्षमा असावी.

वकीलसाहेब, वैरी आणि शत्रू यांतला फरक मराठीत सुरेख आहे, पण तो नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये नेता येत नाही. तेथे "एख्थ्रोस" हा एकच शब्द आहे आणि तो घरच्या वैऱ्यालाही चालतो व परक्या शत्रूलाही. शिवाय त्याच अध्यायात तीनच वचने वर पाहा: "जो कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा." ही वेठ कोणाची होती? त्या काळच्या पॅलेस्टाइनमध्ये वाटेवरच्या माणसाला थांबवून त्याच्या पाठीवर आपले ओझे चढवण्याची मुभा रोमी शिपायाला होती. वेठबिगार म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणजे डोंगरावर बसून ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो वैरी उभा राहिला, तो बहुधा गणवेशातलाच होता, परक्या सत्तेचा होता.

शेजारणीच्या गालाचा मुद्दा मात्र भक्कम आहे, आणि तो जुना आहे. त्याच्याकडे येतो, पण मंडळीची पहिली तीनशे वर्षे ओलांडून पुढे जाता येत नाही. प्रभूने पेत्राला तलवार म्यान करायला लावली तेव्हा प्रत्येक शिपायाचा कमरपट्टा सोडवला, अशा अर्थाचे तर्तुलियन या सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे. आणि त्याच तर्तुलियनने दुसऱ्या ठिकाणी, आम्ही ख्रिस्ती तुमच्या छावण्यांतही आहोत, असे रोमी लोकांना अभिमानाने ऐकवलेले आहे. म्हणजे शिकवण एक आणि भरती दुसरीच, ही ओढाताण तेव्हापासूनची आहे.

त्या मुलाला एक गोष्ट जरूर सांगा. सन २९५ मध्ये आजच्या अल्जीरियातील तेबेस्सा येथे मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाला, तो माजी सैनिकाचा मुलगा म्हणून, सक्तीच्या भरतीसाठी उभे केले. मी ख्रिस्ती आहे, मला शिपाई होता येणार नाही, असे तो सांगत राहिला. अधिकाऱ्याने बिनतोड प्रश्न विचारला: खुद्द बादशहांच्या पहाऱ्यात ख्रिस्ती शिपाई आहेत, त्यांचे काय? त्यावर त्याने त्या शिपायांना दोष दिला नाही. त्यांच्यासाठी काय योग्य ते त्यांना ठाऊक, मला मात्र वाईट करता येत नाही, एवढेच तो म्हणाला. त्याचा शिरच्छेद झाला. बापाने भरतीसाठी नवे कपडे शिवून ठेवले होते, ते मारेकऱ्याला देऊन टाका, असे त्याने जाता जाता बापाला सांगितले.

पुढे कॉन्स्टंटाइनच्या काळापासून राज्यच हळूहळू ख्रिस्ती होऊ लागले, तेव्हा शेजारणीच्या गालाचा प्रश्न टाळता येईना. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने बोनिफेस नावाच्या सेनापतीला पत्र लिहिले, त्यातली वकिली आणि वेदना दोन्ही वाचण्यासारख्या आहेत: इच्छा शांतीची असावी, युद्ध फक्त गरजेपोटी व्हावे, आणि जो हरला किंवा हाती सापडला त्याच्यावर दया करणे हे कर्तव्य समजावे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने यालाच तीन अटींचे रूप दिले: युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत हवी, कारण न्याय्य हवे आणि हेतू शुद्ध हवा. (या विचाराला मराठीत काही जण "धर्मयुद्ध" म्हणतात, ते मला चुकीचे वाटते, कारण त्या शब्दाने १०९५ पासूनच्या क्रूसेडांचा आणि याचा गोंधळ होतो. "न्याय्य युद्ध" म्हणावे.)

परंतु वकीलसाहेबांच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. मंडळीने युद्धाला परवानगी दिली, तरी रक्त लागलेले हात स्वच्छ आहेत असे बराच काळ म्हटले नाही. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल लिहितो की युद्धातली हत्या आपल्या पूर्वजांनी खून मानली नाही, तरीही अशा माणसाने तीन वर्षे प्रभुभोजनापासून (भाकर आणि द्राक्षरसाच्या पवित्र विधीपासून) दूर राहणे बरे. १०६६ मध्ये इंग्लंडमधील हेस्टिंग्जची लढाई पोपच्या पाठिंब्याने झाली होती असे मानले जाई, पण जिंकलेल्या सैनिकांनासुद्धा मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्षाचे प्रायश्चित्त सांगितले गेले. विजयाची मिरवणूक एकीकडे आणि प्रायश्चित्ताचा हिशेब दुसरीकडे, हे आज आपल्याला विचित्र वाटते. मला मात्र हल्लीचा बिनघोर उत्साह अधिक विचित्र वाटतो.

धमतरीत_शिकलेली_नर्स

मी नागपूरची आहे, पण माझे नर्सिंगचे शिक्षण आजच्या छत्तीसगडमधील धमतरीला मेनोनाइट मंडळीच्या रुग्णालयात झाले. १८९९ मध्ये, दुष्काळाच्या काळात, अमेरिकन मेनोनाइट मिशनरी तेथे आले, तेव्हा तो भाग मध्य प्रांतात होता आणि राजधानी आपले नागपूरच होते. मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रदरन या मंडळ्यांनी वकीलसाहेबांचा युक्तिवाद कधीच मान्य केला नाही. त्यांच्या मते राज्याच्या हाती तलवार असेल, पण ती उचलणारा हात शिष्याचा असू शकत नाही.

आमच्या एका शिक्षिका वर्गात डर्क विलेम्सची गोष्ट सांगत. हॉलंडमधील आस्पेरेन येथे, १५६९ मध्ये, प्रौढपणी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला म्हणून तो कैदेत होता. चिंध्यांचा दोर करून तो खिडकीतून निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. कैदेतल्या अन्नावर वाळलेले त्याचे शरीर त्या पातळ बर्फाने पेलले, पण पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून आत पडला. डर्क मागे वळला आणि त्याने त्याला ओढून बाहेर काढले. त्या शिपायाला त्याला सोडून द्यायचे होते, परंतु काठावरून नगराध्यक्षाने त्याला शपथेची आठवण करून दिली. डर्कला पुन्हा पकडले आणि जिवंत जाळले. त्याला जाळणारेही ख्रिस्तीच होते, हे शिक्षिका कधी गाळत नसत.

ही गोष्ट ऐकून मी एकदा विचारले होते की मग डर्कचा उपयोग काय झाला. त्यांनी उत्तर दिले नाही, वॉर्डात पाठवले. त्या दिवशी दारू पिऊन बायकोला मारणारा आणि स्वतःच पडून डोके फोडून घेतलेला एक माणूस दाखल झाला होता, आणि त्याची जखम धुण्याचे काम माझ्याकडे आले. त्याच्याविषयी मला काहीही चांगले वाटत नव्हते, तरी पट्टी नीट बांधली. प्रीती म्हणजे मनातला उमाळा असता, तर प्रभूने तिची आज्ञा केली नसती, हे मला तेव्हा कळले. त्याच अध्यायात पुढे सूर्याचे आणि पावसाचे उदाहरण आहे. पाऊस शेत कोणाचे आहे ते विचारत नाही.

धरमपेठचा_वकील

बाई, गोष्ट मोठी आहे, हे मान्य. पण डर्कने स्वतःचा जीव दिला, दुसऱ्याचा नाही. त्या दारुड्याच्या बायकोला कोणी वाचवायचे, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

धमतरीत_शिकलेली_नर्स

होय, राहतो. त्या बाईसाठी आम्ही पोलीस बोलावले होते, आणि पोलिसांच्या हातात काठी होती. मेनोनाइट मंडळीतही यावर वाद आहेत, ते मी लपवत नाही.

कामठीचा_हवालदार

सर्वांना जय ख्रिस्त. मी निवृत्त आहे, कामठीला राहतो. ताई, तुमच्या भावाला सांगा की आमच्या कामठीत ज्या गार्ड्‌स रेजिमेंटचे केंद्र आहे, तिच्याच १४व्या बटालियनचे लान्स नायक अल्बर्ट एक्का हे ख्रिस्ती आदिवासी घरचे होते. ३ डिसेंबर १९७१ रोजी आजच्या बांगलादेशातील गंगासागरच्या लढाईत ते शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ख्रिस्ती माणूस शिपाई होऊ शकतो का, हा प्रश्न त्यांच्या घरच्यांना कोणी विचारायला जाईल असे मला वाटत नाही.

पण मी येथे लिहितो आहे ते वेगळ्या कारणाने. १९९९ च्या उन्हाळ्यात मी कारगिलच्या बाजूला मोर्टारवर होतो. एक टेकडी परत घेतल्यावर पलीकडच्या जवानांचे मृतदेह तेथे पडलेले होते आणि ते न्यायला कोणी येत नव्हते. हुकूम आला की त्यांच्या धर्माप्रमाणे दफन करायचे. जमीन म्हणजे नुसता दगड. गैंती मारली की ती उसळून अंगावर येत असे, म्हणून हातभर खड्डा करून वर दगड रचायचे ठरले. मौलवीसाहेब म्हणाले की तोंड मक्केकडे हवे. त्या अरुंद दरीत सूर्य डोंगराआड गेलेला आणि पश्चिम नेमकी कोणती, यावर दोन जवानांत वाद सुरू झाला. तेव्हा मी माझा प्रिझमॅटिक कंपास काढला आणि मौलवीसाहेबांना दिशा धरून दिली. त्याच कंपासने दोन दिवसांपूर्वी मी त्याच टेकडीवर मोर्टारची दिशा लावली होती.

जुनी_वही यांनी बासिलविषयी लिहिले ते मला आजवर कोणी सांगितले नव्हते. परत आल्यावर पहिल्या रविवारी मी प्रभुभोजन घेतले नाही, मागच्या बाकावर बसून राहिलो. पाळकांनी कारण विचारले तेव्हा पोट बिघडले आहे असे सांगितले.

सदरची_ताई

सर्वांचे मनापासून आभार. वकीलकाका, बाबांना तुमचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला, ते फार खूश झाले. दुसरा ऐकून चष्मा पुसत बसले. भावाला फोनवर बासिलचे तीन वर्षांचे सांगितले, तर तो म्हणाला, "ताई, माझी पोस्टिंग जिथे लागेल तिथे तीन वर्षे पाद्री तरी कुठून येणार?" आणि हसला. नंतर बराच वेळ काही बोलला नाही.

या रविवारी मी मुलांना मॅक्सिमिलियनचे नवे कपडे, डर्कचा बर्फ आणि हवालदारकाकांचा कंपास, या तीनही गोष्टी सांगितल्या आणि मोठ्या माणसांचेही यावर एकमत झालेले नाही, हे न लपवता सांगितले. त्या मुलाने सगळे ऐकून घेतले. मग त्याने एकच प्रश्न विचारला, तो हवालदारकाकांसाठी आहे: ज्याला तुम्ही पुरले, त्याचे नाव काय होते? त्याला त्याच्यासाठी प्रार्थना करायची आहे.

कामठीचा_हवालदार

नाव कळले नाही. ओळख पटेल असे काहीही त्यांच्या अंगावर नव्हते. मी माझ्या प्रार्थनेत इतकी वर्षे "तो दगडांखालचा" असेच म्हणत आलो आहे. मुलाला चालत असेल तर त्यानेही तसेच म्हणावे.