मदत हवी आहे: वर्डमध्ये नुसता मजकूर पेस्ट कसा करायचा?

नमस्कार मंडळी. विंडोज १० वापरतो. दिवसभर इकडचा मजकूर तिकडे चिकटवायचं काम असतं. कंट्रोल-व्ही केलं की मूळ फॉन्ट, रंग, सगळंच सोबत येतं. ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की नुसता मजकूर येतो, पण माझ्या जुन्या वर्डमध्ये त्याच बटणांनी उलट फक्त फॉरमॅटिंग पेस्ट होतं! म्हणून आधी नोटपॅडमध्ये टाकून तिथून परत कॉपी करतो.

विंडोज-व्ही मात्र फार कामाचं आहे. कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी दिसतात, पिन केलेल्या तर रीस्टार्टनंतरही राहतात.

माऊसमुळे मनगट दुखतं, त्यामुळे सगळं कीबोर्डवरूनच करायचं आहे. वर्डमध्ये यासाठी स्वतःचा शॉर्टकट ठरवता येतो का? कुणी केला असेल तर कृपया नीट पायरीपायरीने सांगा.