लाईट गेल्यावर गाडीच्या बॅटरीवर घर चालवणे (फोंडा)

प्रश्न: फोंड्यात घर आहे. छतावर 3 किलोवॅट सोलर, नेट मीटर. पावसात तारांवर फांदी पडली की रात्रभर लाईट नसते. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी 30 युनिटची, व्ही-टू-एल (गाडीतून बाहेरची उपकरणं चालवायची सोय) 3.3 केव्हीए. तिच्यावर घर चालेल का? आणि दुपारी सोलरवर भरलेली वीज संध्याकाळी ग्रीडला देता येईल का?

उत्तर 1: घर चालेल. पण गाडीची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून घराला वीज देऊ नका, कधीच नाही. ती मीटरमधून बाहेर पडते, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी 11 हजार व्होल्टच्या लाईनवर चढते, आणि तिथेच लाईनमन फांदी काढत असतो.

फ्रीज, पंखे, दिवे, वायफाय एवढेच वेगळ्या छोट्या डीबीवर (वितरण पेटीवर) घ्या. तिच्या आधी दोन पोलचा चेंजओव्हर स्विच (एका वेळी ग्रीड किंवा गाडी, एकच जोडणारा) लावा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. गाडीकडून येणाऱ्या बाजूला 16 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. गीझर नको. विहिरीचा 1 एचपीचा पंप सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, गाडी आउटपुट बंद करते. टाकी आधीच भरून ठेवा.

सरासरी 400 वॅट धरले तर 10 तासांत 4 युनिट. गाडीचं स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्सही रात्रभर जागं राहतं, म्हणून 6 युनिट धरा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. बऱ्याच गाड्यांत व्ही-टू-एलचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, मग गळती झाली तरी आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडेलच असं नाही. मॅन्युअल बघितल्याशिवाय तो जोडूही नका, गाडीचं इन्सुलेशन मॉनिटर (गळतीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) ट्रिप होऊन वीज बंद होऊ शकते.

उत्तर 2: सोलर इन्व्हर्टर त्या डीबीवर आणू नका. गाडीचे 230 व्होल्ट मिळाले की त्याला ग्रीड आल्यासारखं वाटतं आणि तो सुरू होतो. जास्तीची वीज जायला वाट नसते, कारण गाडीचं सॉकेट फक्त देतं, घेत नाही. व्होल्टेज चढतं, ट्रिप झालं तर नशीब, नाहीतर गाडीचा इन्व्हर्टर जातो.

ग्रीडला वीज द्यायला व्ही-टू-एल चालत नाही. दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर लागतो, आणि सीसीएस-2 (फास्ट चार्जिंगचा प्लग) वर गाडी आणि चार्जरने त्यासाठी एकमेकांशी कसं बोलायचं ते आयएसओ 15118-20 या मानकात आहे, ते 2022 चं. गाडी आणि चार्जर दोघांनाही ते यायला हवं. शिवाय तुमची नेट मीटरची मंजुरी सोलरपुरती आहे.

आज ग्रीडला खरी मदत होते ती दुपारी 11 ते 3 मध्ये गाडी चार्जिंगला लावल्याने. आजूबाजूला सोलर जास्त असेल तर दुपारी व्होल्टेज 253 च्या वर जाऊन इन्व्हर्टर बंद पडतात. चार्जिंगचा करंट 10 अँपिअरवर ठेवता आला तर साधारण 2.3 किलोवॅट, उन्हाच्या दिवशी छतावरच भागतं.

प्रश्नकर्ता: आणि बॅटरीची झीज?

उत्तर 1: 400 वॅटने नगण्य. चढावर मोटर याच्या पन्नास पट ओढते. बॅटरीला खरा त्रास 100 टक्के भरून दिवसेंदिवस उन्हात उभी ठेवल्याचा.