पैसे मोजून भिंती बघायच्या? वांद्र्याचा चॅपल रोड आणि ‘वॉक’वाले

लोकलप्रवासी

काल कुणीतरी लिहिलं होतं : ‘चॅपल रोडच्या भिंतींवरची चित्रं बघायला हजार रुपये देऊन गाइड घेणारे, ‘वॉक’ म्हणजे पायी सफर करणारे लोक येडे आहेत. भिंती फुकट, रस्ता फुकट. मॅप लावा, अर्ध्या तासात उरकतं, चार फोटो काढा नि हिल रोडला खरेदीला सुटा.’ त्यावर सगळ्यांच्या माना डोलल्या. मला राहवत नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

अर्ध्या तासात उरकतं हे खरं आहे. काय बघायचं तेच माहीत नसलं की अजिंठाही अर्ध्या तासात उरकतो.

मी त्या भागात नोकरीला होतो तेव्हा अनारकलीचं चित्र रोज बघायचो. म्हणजे बघायचो कसला, त्याच्यासमोरून रिक्षा पकडायचो. पुढे बायकोने वॉकचे पैसे भरून टाकले होते म्हणून नाइलाजाने गेलो, तेव्हा कळलं की ते रणजित दहियाचं काम. हरयाणातल्या खेड्यातला मुलगा, आधी भिंतींना चुना मारला, पाट्या रंगवल्या, मग चंदीगडचं आर्ट कॉलेज, मग एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था, मग मुंबई. सिनेमातली माणसं भिंतींवर रंगवायचा त्याचा ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ 2012 चा. रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर जे अवाढव्य दादासाहेब फाळके आहेत, तेही 2014 साली त्यानेच रंगवले. आपल्या फाळक्यांना एवढं मोठं करायला हरयाणाचा माणूस लागला, हे मला मॅपने सांगितलं नसतं.

आणि गाइड सगळ्यात जास्त वेळ थांबला तो चित्र नसलेल्या जागी. रणवार या वांद्र्यातल्या जुन्या गावठाणातल्या क्रूसापाशी. 1896 च्या प्लेगनंतर वांद्र्याच्या पाखाड्यांमधून, म्हणजे जुन्या वस्त्यांमधून असे क्रूस उभे राहिले, ते त्याने सांगितलं. मग एका कोपऱ्यावर रंगाचा पापुद्रा सुटलेला दाखवला. वर निळं, त्याखाली पिवळं, आणि त्याच्याही खाली कुठल्या तरी जुन्या चित्रातला अर्धा डोळा. भिंतीवर किती पिढ्या चढल्यात ते त्या बोटभर जागेत दिसत होतं. त्याचे हजार रुपये मला महाग वाटले नाहीत.

पाखाडीतली

वाचून छान वाटलं. आता त्या डोळ्याच्या आतल्या बाजूला कोण राहतं ते ऐका. मी राहते. त्याच भिंतीमागे नाही, पण त्याच गल्लीत.

तुमचा वॉक दर रविवारी आमच्या खिडकीखाली थांबतो. कमरेला स्पीकर, तोंडाला माइक. ‘हे बघा टिपिकल ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचं घर, बाहेरून जिना, लाकडी बाल्कनी.’ त्या टिपिकल बाल्कनीत माझी आजी लसूण सोलत असते. तिला कुणी विचारत नाही, सरळ फोटो. मध्यंतरी एक बाई आमच्या जिन्यावर चढून केस मोकळे सोडून बसल्या. मी म्हटलं, अहो, हे घर आहे. तर म्हणतात, ‘ओह, इथे लोक राहतात?’ नाही हो, आम्ही पुतळे आहोत, संध्याकाळी सहाला आमच्यावर कापड टाकतात.

आणि रंगाचं पण सांगते. आमची घरं चुन्याची. चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो, पावसाळ्यात ओल आत घेते नि नंतर सोडते. तिच्यावर ॲक्रिलिकचा थर चढवला की ओल आतच कोंडते. दोन पावसाळ्यांत पोपडे, तिसऱ्याला प्लास्टर खाली. तुम्हाला जो सुंदर पापुद्रा दिसला ना, तो आमच्याकडे गवंड्याचं बिल म्हणून येतो. चित्रकार नाव करून गेला, गाइड पैसे घेऊन गेला. आमच्या वाट्याला काय, तर स्पीकर.

सदाशिवपेठी

मुंबईकरांना फिरायलाही माणूस लागतो हे वाचून गंमत वाटली. आमच्याकडे पुण्यात, कसबा पेठेत हर्षवर्धन कदम आणि मंडळींनी पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टमधून भिंती रंगवल्या. त्यासाठी गाइड लागत नाही. तुम्ही नुसतं चित्रासमोर उभे राहा, शेजारच्या ओट्यावरचे काका वाड्याचा इतिहास, भाऊबंदकीचा दावा आणि चित्रात काय चुकलंय हे सगळं सांगतात. फुकट. न विचारता.

लोकलप्रवासी

@पाखाडीतली, माइक लावणाऱ्या गाइडचं समर्थन मी करत नाहीये. आमच्या गटात माइक नव्हता. पण एक विचारू? गाइडशिवाय येणारे जे रील काढायला येतात, ते जिन्यावर चढत नाहीत का? निदान गाइड असला की कुणाला तरी धरता येतं.

@सदाशिवपेठी, तुमचे काका दुपारी एक ते चार उपलब्ध असतात का?

ब्रशवाला

सगळं वाचलं. चित्रकार, आर्टिस्ट, म्युरल. एक शब्द कुणी काढला नाही : पेंटर.

माझे वडील पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवर नकाशा, ट्रकच्या मागे गुलाब आणि ‘हॉर्न ओके प्लीज’, निवडणुकीत तर महिनाभर घरी नसायचे. खडूच्या भुकटीत सुतळी घोळवायची, दोन टोकं ताणून धरायची नि मध्ये चिमटीत उचलून सोडायची. टण्ण. भिंतीवर सरळ रेघ. त्या दोन रेघांमध्ये ‘श्री गणेश किराणा’ असं बसायचं की शिरोरेषा केसभर हलायची नाही. वेलांटी पाटीच्या बाहेर जाणार असेल तर आधीच्या अक्षराचं पोट किती आवळायचं, हे त्यांना न मोजता कळायचं.

फ्लेक्स आला नि पाच-सहा वर्षांत सगळं संपलं. रात्री ऑर्डर, सकाळी तयार. वर साहेबांचा फोटो मोफत. माझ्या बापाचा वॉक कुणी काढला नाही. आता इंग्लिश बोलणारी पोरं येऊन तोच ब्रश तीच भिंत करतात, तर त्याला आर्ट डिस्ट्रिक्ट, म्हणजे चित्रांचा मोहल्ला म्हणायचं आणि तिकीट लावायचं.

लोकलप्रवासी

दादा, मी वरच लिहिलंय की दहिया स्वतः पाट्या रंगवणारा होता. आणि स्टार्ट (St+art) इंडिया या भिंती रंगवणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी हनीफ कुरेशी, 2024 मध्ये गेले, त्यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे डिजिटल फॉन्ट करायचं काम केलं होतं. अगदीच कुणी विचारलं नाही असं नाही.

ब्रशवाला

वा. फॉन्ट झाला. पेंटर रिक्षा चालवतो.

लोधीकर

दिल्लीहून लिहितोय. लोधी कॉलनी म्हणजे ज्याला लोक ‘खरं’ आर्ट डिस्ट्रिक्ट म्हणतात ते. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही त्याच सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. 1940 च्या दशकातल्या इमारती, रुंद रस्ते, उंच कोऱ्या भिंती आणि मधोमध कमान. चित्रकाराने हात जोडून मागावी अशी जागा. खन्ना मार्केट ते मेहेरचंद मार्केट चालत गेलात की पन्नासच्या वर भिंती होतात. भिंत सीपीडब्ल्यूडीची, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याची, पैसे रंगाच्या कंपनीचे. क्वार्टरवाल्यांना कुणी फार विचारलं असेल असं नाही, पण त्या सरकारी पिवळ्या डिस्टेंपरपेक्षा काहीही बरंच.

गाइडच्या बाजूने एकच सांगतो. तिथे ‘डाकू’ नावाच्या स्ट्रीट आर्टिस्टचं एक काम आहे. भिंतीतून अक्षरं बाहेर आलेली, नुसती बघितली तर वेड्यावाकड्या पट्ट्या. ऊन ठरावीक कोनात आलं की त्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात आणि शब्द वाचता येतात. सूर्य सरकला की शब्द तिरके होऊन मोडतात. ढगाळ दिवशी काहीच नाही. लोक भलत्या वेळी येतात, पट्ट्यांचा फोटो काढतात आणि ‘ओव्हररेटेड’ म्हणून निघून जातात. चांगला गाइड वॉकची वेळच त्या उन्हावर ठरवतो.

पण रणवारची नि लोधीची तुलना होऊ शकत नाही. इकडे सरकारची भिंत, तिकडे आजीची.

खारदांडेकर

आजीची भिंत निदान आजीच्या नावावर आहे. आमच्या कोळी लोकांचं कुलाब्याच्या ससून डॉकला काय झालं ते आठवा. 1875 ची गोदी. 2017 ला तिथल्या गोदामात मोठं प्रदर्शन भरलं. काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू, कोळ्यांचे मोठमोठे फोटो भिंतींवर लागले, आमच्या बायका आपले चेहरे बघून लाजत होत्या. पण येणारी गर्दी? नाकाला रुमाल. कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या मधून पाय उचलत, ‘सो ऑथेंटिक’ करत. माझी मावशी तिथेच बसते. तिने एकीला विचारलं, ‘बाई, चित्र बघून झालं, आता मासळी कोण घेणार?’ ती हसली नि मावशीचाच फोटो काढून गेली.

सदाशिवपेठी

विषय भिंतींचा आहे म्हणून विचारतो. पालिका पुलाखाली जी चित्रं काढते, त्यावर कुणीच का बोलत नाही? जी-20 च्या वेळी रातोरात सुशोभीकरण झालं, दोन्ही शहरांत. खांबावर फ्लेमिंगो, पुढच्या खांबावर वारली नाच, त्याच्या पुढे मुलगी झाडाला पाणी घालतेय. चौरस फुटाच्या भावाने काढलेली चित्रं. आमच्याकडे तर फ्लेमिंगो बघायला भिगवणला जावं लागतं, तरी उड्डाणपुलाखाली थवाच्या थवा!

ब्रशवाला

आणि त्या फ्लेमिंगोवर लगेच फ्लेक्स. ‘वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा.’ मध्ये साहेब, गॉगल. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, ज्यातल्या अर्ध्यांना साहेब ओळखत पण नाहीत. वारल्याचं डोकं साहेबांच्या कानामागून डोकावतंय.

लोधीकर

पिचकारी राहिली. कोपऱ्यात पिचकारी मारू नये म्हणून देवाच्या टाइल्स लावतात. सर्वधर्मसमभाव खरा तिथेच : साईबाबा, येशू, मक्का, गुरू नानक, एका ओळीत, गुडघ्याच्या उंचीवर.

लोकलप्रवासी

मंडळी, धागा वॉकवर होता. फ्लेक्सवर वेगळा काढा की.

ब्रशवाला

का? फ्लेक्स भिंतीवर नसतो का? तुम्हाला बघायची भिंत वेगळी नि आमची वेगळी?

लोकलप्रवासी

पेंटरला कमी लेखलं असं एक वाक्य दाखवा माझं.

ब्रशवाला

वाक्य नाही, सूर आहे. ‘आधी चुना मारला, मग आर्ट कॉलेज.’ म्हणजे चुना मारायचा तो नंतर कुणीतरी होण्यासाठी. माझे वडील नंतर कुणी झाले नाहीत. चाळीस वर्षं पेंटरच होते आणि चांगले होते.

वकीलसाहेब

भावना बाजूला ठेवून कायद्याचं बोलू. कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे कलाकृती विकली तरी तिची मोडतोड होऊ नये हा हक्क कलाकाराकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं म्युरल, म्हणजे भिंतीवरचं शिल्प, सरकारने 1979 मध्ये उखडून गोदामात टाकलं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली ते परत द्यायला लावलं, वर पाच लाख भरपाई. तेव्हा भिंतीवरच्या चित्राला ‘फुकटचं’ म्हणणाऱ्यांनी जपून.

पाखाडीतली

थांबा थांबा. म्हणजे माझ्या घराचं प्लास्टर पडतंय, मला ते खरवडून चुना लावायचाय, तर मी आधी चित्रकाराला शोधून परवानगी मागू? जो माझ्या आजोबांना ‘अंकल, छोटंसं काढतो’ म्हणून गेला आणि मग अख्खी भिंत रंगवून गेला?

वकीलसाहेब

तसं नाही. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने उलट बाजूही मांडली. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स हा प्रदर्शनाचा हॉल 2017 मध्ये पाडला, तेव्हा त्याचे वास्तुविशारद राज रेवल कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, अर्धवट फेरफार करून विद्रूप करू नका, पण मालकाला पूर्ण पाडायचं तर पाडू द्या.

पाखाडीतली

म्हणजे दुरुस्ती केली तर गुन्हेगार, घर पाडून टॉवर बांधला तर मोकळी. छान. बिल्डरचा माणूस येऊन नेमकं हेच सांगतो, फक्त फी घेत नाही.

वकीलसाहेब

दुरुस्तीला गुन्हा कुणी म्हटलेलं नाही. प्रत्येक प्रकरण आपापल्या वस्तुस्थितीवर.

पाखाडीतली

हे वाक्य आलं की समजायचं, वकील जिन्यावरून खाली उतरतोय.

अर्धातास

ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो मी. सगळं वाचलं, हिल रोडला कॉफी पीत वाचलं. माझा मुद्दा साधा होता : चित्राला स्वतःहून बोलता येत नसेल तर ते चित्र कमी पडतंय. भाषणाचे पैसे का द्यायचे? सावलीचं ते दिल्लीचं प्रकरण मात्र मला माहीत नव्हतं. ठीक आहे, ‘येडे’ मागे. ‘हौशी’ म्हणतो.

लोकलप्रवासी

उपकार झाले.

पाखाडीतली

हौशींसाठी आमच्या गल्लीकडून. यायचं तर या, मी तुमच्या तोंडावर दार लावणार नाही. पण माइक नको. घोळका नको, सात-आठ जण पुष्कळ झाले. माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारा, आजी नाही म्हणत नाही, तिला फक्त केस विंचरायला वेळ हवा असतो. गाइडने आमच्यापैकी कुणाला तरी बरोबर घ्यावं आणि त्याला पैसे द्यावेत. मागच्या घरातली आंटी आमच्या लोकांचा बॉटल मसाला विकते, तो घ्या, म्हणजे येण्याचं काही सार्थक होईल. आणि सप्टेंबरात मोतमाउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेच्या आठवड्यात अजिबात नको. तेव्हा आम्हालाच आमच्या गल्लीत शिरता येत नाही.

हे असं चालवणारा एखादा वॉक असेल तर कळवा. आमच्या खिडकीखाली तरी अजून आलेला नाही.

लोकलप्रवासी

आमचा गाइड मसाल्याकडे घेऊन गेला होता. घरात अजून बाटली आहे. त्याला तुमचं म्हणणं पाठवतो.

पाखाडीतली

पाठवा. आणि त्याला सांगा, प्लेगच्या क्रूसापाशी उभं राहून बोलताना पाय ओट्यावर ठेवू नको. तिथे आम्ही मेणबत्त्या लावतो.

ब्रशवाला

फ्लेक्सवर शेवटी कुणी उत्तर दिलंच नाही.

सदाशिवपेठी

काय उत्तर देणार? आमच्या चौकातल्या साहेबांचा वाढदिवस मार्चमध्ये झाला. फ्लेक्स अजून आहे. दोन दोऱ्या तुटल्यात, त्यामुळे साहेब आता आडवे झालेत.