कौलारू शाळेचे वय आणि तिचे उपयोग

गावातली जुनी कौलारू शाळा पेशवाईतली असावी, असे काहींचे म्हणणे आहे. त्याबाबत एक गोष्ट मांडावीशी वाटते. छपरावरची कौले मंगळुरी असतील, तर निदान ते छप्पर तरी पेशवाईतले नाही, कारण बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. भिंती मात्र त्याहून जुन्या असू शकतात, कारण पंतोजींच्या (जुन्या काळच्या गावठी शिक्षकांच्या) शाळा देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या वाड्यात भरत असत आणि पुढे तीच जागा सरकारी शाळेला मिळाल्याची उदाहरणे आहेत.

अशा इमारतीत केवळ शाळाच भरत असे, असेही नाही. अनेक गावांत मास्तरच शाखा डाकपाल असल्यामुळे तिकिटे, मनिऑर्डरी आणि टपालाची थैली वर्गाच्याच कपाटात राहत असे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, आधीच्या लोकल बोर्डाची पाटी शाळेवरून उतरली, आणि नव्या खोल्या बांधल्यावर जुन्या खोलीत कुठे अंगणवाडी, कुठे मतदान केंद्र, तर कुठे लग्नाचा जानवसा आला.

इमारत पाडण्याचा निर्णय होण्याआधी शाळेचे शेरेबुक आणि दाखल-खारीज रजिस्टर अवश्य शोधावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तपासणीस आलेले अधिकारी छप्पर गळते, खोली अपुरी पडते असे शेरे तारखेसह लिहीत असत. इमारतीचा इतका विश्वसनीय इतिहास गावात दुसरीकडे क्वचितच सापडेल.