मोठा स्क्रीन लावला की टेलिप्रेझेन्स होत नाही

ऑफिसच्या व्हिडिओ बैठकांवरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की ७५ इंची टीव्ही आणि फोर-के कॅमेरा घेतला की झालं टेलिप्रेझेन्स, म्हणजे दूरची माणसं समोरच बसल्यासारखी वाटावीत अशी व्हिडिओ बैठकीची सोय. हे पटत नाही. त्यात खरा खर्च खोलीवर होतो. २००६ साली आलेल्या सिस्को कंपनीच्या टेलिप्रेझेन्स ३००० या यंत्रणेत ६५ इंची तीन स्क्रीन आणि समोर सहा जणांचं टेबल होतं, पण टेबल, भिंतीचा रंग, दिवे हे सगळंही ठरवून दिलेलं असायचं. म्हणून पलीकडचा माणूस खऱ्या आकारात समोर बसल्यासारखा वाटायचा. टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा ठेवलात तर समोरच्याला तुमची नजर सतत खाली दिसते. भाव ठरवायच्या बैठकीत हे फार नडतं.

आवाजाबद्दल त्या चर्चेत कुणीच बोललेलं नाही. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या वर गेला की लोक एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात, चित्र कितीही स्वच्छ असो. काचेच्या केबिनमध्ये आधी एक टाळी वाजवून बघा. आवाज घुमला तर कॅमेऱ्याआधी गालिचा, जाड पडदे आणि भिंतीवर ध्वनिशोषक पॅनल घ्या, माइक बोलणाऱ्यापासून मीटरभराच्या आत ठेवा आणि कोडेकला (चित्र आणि आवाज नेटवर्कवरून पाठवणाऱ्या यंत्राला) वायफाय नको, केबलच द्या. त्याच खोलीत दुसरा लॅपटॉप मीटिंगला जोडला असेल तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत, नाहीतर कर्कश शिट्टी ठरलेली.

दोन ठरावीक ऑफिसांत रोजच्या बैठका असतील तरच टेलिप्रेझेन्सचा खर्च वसूल होतो. दरवेळी नवे ग्राहक जोडायचे असतील तर साधं व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच घ्या.