घरचा पालक: कुठे जमला, कुठे फसला?

पुणे, तिसऱ्या मजल्यावरची गच्ची
कुंडीत लावायला पालक सगळ्यांत सोपा, असं मी कायम ऐकत आले. पहिली दोन वर्षं माझ्याकडे तो धड उगवलाच नाही. मी कोरडं बी पेरत होते, तेही एप्रिलात. आपल्या देशी पालकाचं बी म्हणजे बीटासारखं खडबडीत फळ असतं. कवच टणक आणि आत एकाहून जास्त बिया. गेल्या नोव्हेंबरात रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरलं आणि नवव्या दिवशी कोंब दिसले, एकेका जागी दोन-दोन, तीन-तीन. विरळणी करताना जीव खालीवर झाला, पण उपटलेली रोपं आमटीत घातली. पस्तिसाव्या दिवशी पहिली जुडी निघाली. डाळ-दाणे घालून ताकातली पातळ भाजी केली, सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली.

तुमचंही लिहा. गाव, माती आणि महिना आवर्जून सांगा. फसलेलं तर नक्की लिहा, त्याचा उपयोग जास्त होतो.

नागपूर
आमच्याकडे दसऱ्यानंतर पेरायचा आणि फेब्रुवारीपर्यंत खायचा. मार्चमध्ये ऊन चढलं की मधून दांडा येतो, पानं बारीक आणि राठ होतात. मग मी उपटून टाकते. हिरवी जाळी बांधून एप्रिल काढायचा प्रयत्न दोनदा केला, पण पाणी खूप लागलं आणि पानं थोडीच मिळाली. काळ्या मातीची वेगळी गोष्ट. पेरून पाणी दिलं की वर पापुद्रा धरतो आणि कोंब त्याखालीच अडकतो. आता बियांवर माती ओढत नाही, चाळलेलं शेणखत पसरते. वाफे आधी भिजवायचे, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की पेरायचं. तेव्हापासून उगवण चांगली होते.

रत्नागिरी
आमच्या परसात पालक पिवळट आणि खुरटा यायचा. खत वाढवलं तरी तसाच. जांभ्याची माती आंबट, आणि पालक पडला बीटाच्या कुळातला, त्याला ती मानवत नाही. आई वाफ्यात चुलीची राख घालायची. मी ते जुन्या काळचं म्हणून सोडून दिलं होतं. राख घातली त्या हिवाळ्यात पानं तळहाताएवढी झाली.

पावसाळ्यात मात्र मी पालकाच्या वाटेला जात नाही. सरी पानं झोडपतात, चिखल उडतो, कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. तेव्हा मायाळू. कुंपणावर एक वेल चढवला की गणपतीपर्यंत भाजी पुरते, आणि तिला उन्हाचीही भीती नाही.

ठाणे, खिडकीची ग्रिल
मला सकाळचं साडेतीन-चार तास ऊन मिळतं. पालकाला तेवढं चालतं, फक्त पानं सावकाश वाढतात. फळांचा प्लॅस्टिकचा क्रेट, आत गोणपाट, आठ इंच माती. खोल कुंडीची गरज नाही. त्रास दिला नागअळीनं. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या, मी आठवडाभर निंबोळी अर्क फवारत बसले. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे असते, वरून मारलेलं तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. आता रेघ दिसली की पान खुडायचं, पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. रोज सकाळी चहा घेता घेता पानं उलटून बघते.

सांगली जिल्हा
आमचं बोअरचं पाणी खारवट आहे. नदीकाठचा हा पट्टा क्षारपड होत चाललाय, घरामागच्या दोन गुंठ्यांतही उन्हाळ्यात मातीवर पांढरं येतं. तिथं घेवडा दोनदा जळाला, मेथी पिवळी पडली. पालक तेवढा तग धरून राहिला. खारटपणा सोसणारी भाजी आहे ही. पाणी खराब म्हणून परसबाग सोडून दिलेल्यांनी एकदा पालक लावून बघावा, असं मी मनापासून सांगतो.

वाण ‘ऑल ग्रीन’, दिल्लीच्या पुसा संस्थेचा. कापताना जमिनीपासून दोन बोटं ठेवून विळ्यानं कापायचं. मधला कोंब दुखावता कामा नये. उसाचा खोडवा, म्हणजे तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस, राखतो तसा राखायचा. कापल्यावर गांडूळखताचा हात फिरवायचा आणि पाणी द्यायचं. दर पंधरा-वीस दिवसांनी कापणी येते. मी पाच कापण्या घेतो, सहावीला पानं जाड होतात, ती शेळीला.

न्यू जर्सी
इथला पालक वेगळाच. टोकदार गोल पानांचा, चवीला मऊ. आपल्या देशी पालकाशी कुळाचं नातं आहे, पण जात दुसरी. त्याला गारवा हवा. मी पहिल्या वर्षी भारतातल्या सवयीनं मे संपताना पेरला, आणि दिवस मोठे झाल्याबरोबर सगळा फुलावर गेला. एक पानही खाल्लं नाही. आता मार्चअखेर एकदा आणि ऑगस्टच्या शेवटी एकदा पेरते. पहिलं हिव पडल्यावरची पानं गोड लागतात, कारण थंडीत रोप पानांत साखर साठवतं. मधल्या उन्हाळ्यात देशी पालकच लावते, तो इथल्या जुलैतही पानं देतो. बाबा आले होते तेव्हा त्यांनी तीच भाजी मागितली.

पुणे
रत्नागिरीच्या ताई, राख किती घालायची? माझ्या कुंडीतही घालू का?

रत्नागिरी
दहा फुटी वाफ्याला दोन-तीन मुठी, पेरायच्या पंधरा दिवस आधी, मातीत नीट कालवून. लाकडाचीच घ्या. पण तुमच्याकडची माती आमच्यासारखी आंबट नसते, तुम्हाला बहुतेक लागणारच नाही. चांगलं शेणखत घाला, पुरे.