नवा साचा सदोष आहे की वापरून बसेल? मदत हवी आहे

मंडळी, गळाला लावायची शिशाची वजनं ओतायला ॲल्युमिनियमचा दोन भागांचा नवा साचा घेतलाय. परत करावा की ठेवावा, ठरत नाहीये.

पहिल्या वजनांवर सुरकुत्या आल्या, त्याचं काही नाही. साचा थंड असला किंवा आत तेलाचा अंश राहिला की तसं होतंच. साबणाच्या गरम पाण्याने घासला, पूर्ण सुकवला (ओलसर साच्यात वितळलेलं शिसं ओतणं जिवावर बेतू शकतं), नीट तापवला आणि सुरकुत्या गेल्या.

खरी अडचण जोडाची आहे. दोन्ही भाग घट्ट मिटून उजेडासमोर धरले की दोन भाग जुळवणाऱ्या एका पिनेजवळ उजेडाची बारीक रेघ दिसते, दुसऱ्या टोकाला अजिबात नाही. नेमक्या त्याच बाजूला वजनावर पातळ पापुद्रा येतो, नखाने सोलता येईल असा. कॅलिपरने मोजलं तर जोडाच्या आडव्या दिशेने व्यास ०.२ मिमी जास्त भरतो. भिंगाखाली साच्याच्या जोडाच्या पृष्ठभागावर शिशाचा कण दिसत नाही, पिनेच्या भोकाच्या काठाला मात्र किंचित कंगोरा आहे.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. फार तापलं तर पापुद्रा येतो, म्हणून आच कमी करूनही पाहिली, फरक नाही.

तो कंगोरा हलक्या हाताने काढला तर जोड बसेल का? की पीनच तिरकी बसवलेली असेल? एकदा कानस लावली की साचा परत घेणार नाहीत, म्हणून आधी विचारतोय. असा साचा कुणी दुरुस्त केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.